होली, सेक्रेड, सेंट, हेवन: इंग्रजीतल्या पवित्र शब्दांचं मूळ कसं शोधायचं आणि गोव्यात मराठीत काय लिहायचं

गोव्यात मराठी लिहिणाऱ्याची या शब्दांपासून सुटका नाही. जुन्या गोव्याच्या फेस्ताची बातमी असो, फोंड्याकडच्या एखाद्या देवस्थानाचं इंग्रजी माहितीपत्रक असो, पर्यटकांना देवळं आणि इगर्जी दाखवणाऱ्या गाइडची टिपणं असोत, होली, सेक्रेड, डिव्हाइन, सेंट, हेवन हे शब्द समोर येतातच. शब्दकोशात पहिल्या तिघांपुढे ‘पवित्र’ एवढंच सापडतं आणि मग सगळीकडे तेच चिकटवलं जातं. शब्दाचं मूळ ठाऊक असलं की यातला बराच गोंधळ सुटतो. मात्र मूळ म्हणजे आजचा अर्थ नव्हे, हे सुरुवातीलाच पक्कं करायला हवं. शब्द कुठून कसा आला ते मुळावरून कळतं. आज त्याचा अर्थ काय, हे आज तो वापरणारी माणसं ठरवतात.

म्हणून दर शब्दामागे वहीत चार नोंदी करा: तो कोणत्या भाषेतून इंग्रजीत आला, मुळात त्याचा अर्थ काय होता, आज इंग्रजीत तो नेमका कशाला लावतात, आणि गोव्यात त्या वस्तूला लोक काय म्हणतात. चौथी नोंद बहुतेक जण गाळतात आणि मजकूर तिथेच परका वाटायला लागतो.

आधी थर ओळखा

इंग्रजीतल्या धार्मिक शब्दांचे ढोबळमानाने चार थर आहेत. सर्वांत खाली जुन्या इंग्रजीतले घरचे शब्द: गॉड, होली, हेवन, हेल, ब्लेस, लॉर्ड, सोल. इ. स. ५९७ मध्ये रोमहून मिशनरी इंग्लंडमधल्या केंटमध्ये उतरले, तेव्हा तिथल्या लोकांच्या तोंडचे हे जुने शब्द त्यांनी नव्या धर्मासाठी वापरात घेतले. त्यावरचा थर लॅटिनचा. यातले पुष्कळ शब्द १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आले: सेंट, सेक्रेड, डिव्हाइन, मिरॅकल. तिसरा थर ग्रीक: एंजल, बॅप्टिझम, हिम (भक्तिगीत), साम (बायबलमधलं स्तोत्र). चौथा हिब्रू: आमेन, हालेलुया, सब्बाथ, चेरुबिम.

स्पेलिंगवरून निम्मं काम होतं. ‘सीएच’चा उच्चार क, ‘पीएच’चा उच्चार फ, किंवा शब्दाच्या मधोमध स्वर म्हणून ‘वाय’ दिसला की बहुधा ग्रीक. शेवटी ‘शन’, ‘मेंट’, ‘इटी’ असेल तर बहुधा लॅटिन. अनेकवचनाचा ‘इम’ किंवा नावाच्या शेवटचा ‘एल’ हिब्रू. मायकल, गॅब्रिएल, राफाएल यांतला ‘एल’ म्हणजे देव. एकदोन अक्षरी आणि रोजच्या बोलण्यातला शब्द बहुधा जुन्या इंग्रजीचा. अर्थात ही केवळ अटकळ. ‘चर्च’ दिसायला अगदी घरचा आणि निघतो ग्रीक, म्हणून कोशात पाहिल्याशिवाय काही छापू नये.

कोशातली व्युत्पत्ती वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. ‘फ्रॉम’ लिहिलं असेल तर शब्द तिथून आला. ‘कॉग्नेट’, म्हणजे सगोत्र, लिहिलं असेल तर दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळाचे, पण एक दुसऱ्यातून निघालेला नाही. ‘डिव्हाइन हा शब्द संस्कृत देवपासून आला’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते याच घोटाळ्यातून. तो लॅटिन ‘दिविनुस’पासून आला, ‘देव’ त्याचा सगोत्र आहे. दुसरं, शब्दरूपाआधी तारांकन असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेतून बांधलेलं आहे. तिसरं, ‘प्रॉबेब्ली’ आणि ‘परहॅप्स’. मराठीत उतरवताना हे दोन शब्द हमखास गळतात आणि शक्यतेचं सत्य होऊन बसतं.

होली आणि सेक्रेड

हे दोन शब्द सावकाश समजून घेण्यासारखे आहेत, कारण दोघांची मुळं अगदी वेगळ्या जमिनीतली.

होली जुन्या इंग्रजीतल्या ‘हालिग’पासून. त्याचं मूळ ‘हाल’, म्हणजे अखंड, धडधाकट. हेल्थ, हील आणि अखंड या अर्थाचा होल हे सगळे त्याच घरातले. त्या होलच्या स्पेलिंगमधला ‘डब्ल्यू’ पुष्कळ नंतर चिकटला. म्हणजे होलीच्या तळाशी ‘ज्याला तडा गेलेला नाही’ अशी कल्पना आहे. हॅलोविनमधला ‘हॅलो’ म्हणजेही होली माणूस. १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा सण आणि ३१ ऑक्टोबर ही त्याची आदली संध्याकाळ.

सेक्रेडचं मूळ लॅटिन ‘साकेर’. त्याचा अर्थ देवाच्या नावाने वेगळं काढलेलं, माणसाच्या नेहमीच्या वापरातून बाहेर गेलेलं. म्हणूनच रोमन कायद्यात ‘साकेर’ ठरवलेला माणूस शापित समजत; समाजाने त्याला टाकलेलं असे. वेगळं काढणं चांगल्यासाठी की वाईटासाठी, हे शब्दात नव्हतं. सॅक्रिफाइस म्हणजे ‘साकेर करणं’. त्यातला ‘करणं’ या अर्थाचा लॅटिन ‘फाकेरे’ आणि संस्कृत ‘धा’ सगोत्र आहेत. उलट बाजूला प्रोफेन: ‘फानुम’ म्हणजे देऊळ, आणि देवळासमोरचं, म्हणजे देवळाबाहेर राहिलेलं ते प्रोफेन.

आता लिहिताना काय करायचं? गुण सांगायचा असेल, विशेषतः देव किंवा माणूस यांच्याबद्दल, तर ‘पवित्र’ चालतो: होली स्पिरिट म्हणजे पवित्र आत्मा. एखादी वस्तू किंवा जागा देवासाठी राखून ठेवलेली असेल, तर ‘पवित्र’ हे विशेषण अपुरं पडतं आणि मराठीत त्या वस्तूला बहुतेक वेळा स्वतःचं नाव असतंच. सेक्रेड थ्रेड म्हणजे जानवं, ‘पवित्र धागा’ नव्हे. सेक्रेड ग्रोव्ह म्हणजे देवराई. सत्तरीत लोक नुसतं ‘राय’ म्हणतात, जशी बांबरची निरंकाराची राय. तिथली झाडं देवाची म्हणून त्यांच्यावर कुऱ्हाड चालत नाही, आणि ‘साकेर’चा अर्थ याहून चांगला दाखवता येणार नाही. उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीत लिहितानाही, राईला सेक्रेड म्हणा, होली नको. जिथे नावच ठरून गेलं आहे, जसं येशूचं सेक्रेड हार्ट, तिथे मात्र चर्चच्या मराठीत रूढ झालेलं ‘पवित्र हृदय’ तसंच ठेवावं. तिथे मूळ काढून नवा शब्द घडवू नये.

सॅक्रिलेज म्हणजे पावित्र्यभंग. त्याच्या ‘सॅक्रिलिजस’ या विशेषणाचं स्पेलिंग बहुतेकांचं चुकतं, कारण त्यात ‘रिलिजस’ दडला आहे असं वाटतं. त्याचा उगम ‘साकेर’ आणि ‘लेगेरे’, म्हणजे उचलून नेणं. देवळातली चोरी हा मूळ अर्थ. ‘आर’नंतर आधी ‘आय’ आणि ‘एल’नंतर ‘ई’, हे लक्षात ठेवलं की पुरे.

सेंट आणि संत

दिसायला जुळे, पण नातं शून्य. सेंट लॅटिन ‘सांक्तुस’पासून फ्रेंचमार्गे आला, ‘सांक्तुस’ म्हणजे विधीने पवित्र आणि अभंग ठरवलेला. सँक्च्युअरी आणि सँक्शन त्याच कुळातले. मराठी ‘संत’ संस्कृत ‘सत्’पासून, आणि त्याच्या मुळाशी ‘अस्’, म्हणजे असणं, हा धातू. संतपण लोकांच्या मनात ठरतं. कॅथलिक परंपरेत सेंट ही मात्र रीतसर प्रक्रियेनंतर जाहीर होणारी पदवी आहे. मराठीत ‘संत फ्रान्सिस झेवियर’ पूर्ण रूढ आहे आणि ते बदलायचं कारण नाही. पण पायऱ्या पाळल्याच पाहिजेत, कारण गोव्यातल्या वाचकाला त्या ठाऊक असतात.

पायऱ्या चार: सर्व्हंट ऑफ गॉड, व्हेनरेबल, ब्लेसेड आणि सेंट. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ २१ जानेवारी १९९५ रोजी ब्लेसेड झाले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी सेंट. दोन्ही सोहळे कोलंबोत झाले. तेव्हा १९९५ ते २०१५ या काळातल्या घटनेबद्दल लिहिताना ‘संत जोसेफ वाझ’ ही चूक ठरते. पिलारचे आग्नेलो डिसोझा १९८६ मध्ये व्हेनरेबल जाहीर झाले. त्यांच्या नावामागे ‘संत’ लावणं हे श्रद्धेच्या भरात होतं, पण छापील मजकुरात ते बसत नाही; ‘पूज्य’ लिहावं. व्हेनरेबलचा अर्थ तोच. ब्लेसेडला ‘धन्य’ म्हणतात.

गावांची आणि वाड्यांची नावं याच ‘सांक्तुस’ने भरलेली आहेत. पोर्तुगीजमध्ये पुढच्या नावाप्रमाणे त्याचं सांव, सांतो किंवा सांता होतं. पणजीचं सांतिनेज घ्या: ‘सांता’ आणि ‘इनेस’. इनेस हे आग्नेसचं पोर्तुगीज रूप, आणि आग्नेस आलं ग्रीक ‘हाग्ने’वरून, म्हणजे शुद्ध, पवित्र. हा ग्रीक शब्द संस्कृत ‘यज्’ धातूचा सगोत्र मानतात, ज्यातून आपला ‘यज्ञ’ आला. म्हणजे सांतिनेज या एका नावात पावित्र्य दोनदा आहे. अशी नावं लिहिताना फोड करून भाषांतर करू नका. ‘सेंट इनेज’ आणि ‘सांतिनेज’ दोन्ही चालतात, पण ‘संत इनेज’ कोणी म्हणत नाही. २४ जूनचा सांजांवही तसाच. मुळात सांव जुआंव, पण सणाचं नाव सांजांव.

सगोत्र की नुसतं सारखं? आवाजाची परीक्षा

ही परीक्षा गोव्यातल्या माणसाने आवर्जून शिकावी. संस्कृत आणि युरोपीय भाषांतलं साम्य विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं, हे पुस्तकात असतं. त्याच्या दोनशे वर्षं आधी इथे, गोव्यात, दोन परदेशी माणसांच्या ते ध्यानात आलं होतं. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ च्या पत्रात भावाला लिहिलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्द शेजारी ठेवले: देव आणि दियो, सर्प आणि सेर्पे, सप्त, अष्ट, नव आणि सेत्ते, ओत्तो, नोवे. सास्सेत्तीचा अंत १५८८ मध्ये गोव्यातच झाला.

नुसत्या साम्यावर विसंबू नका. नियमाने जुळतं का ते पाहा. घरच्या इंग्रजी शब्दांत व्यंजनं ठरावीक रीतीने सरकलेली असतात. संस्कृत आणि लॅटिनचा द इंग्रजीत ट होतो: दश, देकेम, टेन. प चा फ होतो: पितृ, पातेर, फादर. संस्कृत भ इंग्रजीत ब होतो: भ्रातृ, ब्रदर. संस्कृत ध इंग्रजीत ड होतो: धा, डू. संस्कृत ह पुष्कळदा इंग्रजीत ग असतो: हंस, गूज. फ्रेंच किंवा लॅटिनमधून उसने घेतलेल्या शब्दांना हा नियम लागत नाही. म्हणून आधी थर, मग परीक्षा.

आता ‘डे’ आणि ‘दिवस’ पाहा. डे घरचा शब्द आहे, ड ने सुरू होतो. संस्कृत द शी जुळायचा तर तो ट ने सुरू व्हायला हवा होता. म्हणजे नातं नाही. ‘देव’चा घरचा इंग्रजी सगोत्र मग कुठे आहे? ट्यूझडेमध्ये. टिव या जुन्या देवाचा तो वार, आणि टिव व देव एकाच मुळाचे. त्याच मुळाच्या आसपास द्यौस्, दिव्, दिवस, लॅटिन ‘देउस’, झ्यूस आणि ज्युपिटर. ज्युपिटर म्हणजे अक्षरशः ‘द्यौष्पितर्’. थिऑलॉजीतला ग्रीक ‘थेओस’ मात्र देव या अर्थाचा असूनही या कुळातला नाही. इथे भलेभले फसतात.

डेव्हिल आणि देव यांचं नातं तर मुळीच नाही. डेव्हिल ग्रीक ‘दियाबोलोस’पासून, म्हणजे चहाडी करणारा, आळ घेणारा. ‘देव’चा खरा सगोत्र असून वाईट अर्थाला गेलेला शब्द वेगळाच आहे: अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातला ‘दएव’, म्हणजे दुष्ट शक्ती.

गॉड आणि गुड यांचाही संबंध नाही. गॉडच्या मुळाबद्दल दोन मतं आहेत. एक त्याला संस्कृत ‘हु’शी जोडतं, म्हणजे आहुती ओतणं, दुसरं ‘ह्वे’शी, म्हणजे हाक मारणं. ग आणि ह दोन्हीकडे जुळतात, म्हणून आवाजाच्या परीक्षेने निकाल लागत नाही. लिहायचं तर दोन्ही लिहा.

प्रे या क्रियापदाचं मूळ लॅटिन ‘प्रेकारी’, आणि ते संस्कृत ‘प्रच्छ्’चं सगोत्र, ज्यातून ‘प्रश्न’ झाला. मिरॅकलचं मूळ ‘मिरुस’, आणि तो शब्द ‘स्मि’ या धातूशी जोडतात: स्मित, विस्मय, इंग्रजी स्माइल. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या नावातला ‘मिलाग्र’ तोच. विस्मय या शब्दाशी त्याचं नातं आहे, हे सांगितलं की फेस्ताला जाणाऱ्या दोन्ही धर्मांच्या लोकांना ते आवडतं.

हेवन, स्काय, पॅरडाइज

हेवन जुन्या इंग्रजीत ‘हेओफोन’ होता आणि त्याचा साधा अर्थ आकाश. पुढे नॉर्स भाषेतून स्काय आला, ज्याचा मूळ अर्थ ढग, आणि त्याने रोजचं आकाश स्वतःकडे घेतलं. हेवनकडे देवाचं घर उरलं. अनेकवचनी हेवन्समध्ये जुना अर्थ अजून टिकून आहे. तेव्हा एकवचन असेल तर स्वर्ग, अनेकवचन असेल तर बहुधा आकाश. सेलेस्टिअल बॉडीज म्हणजे ग्रह-तारे, ‘स्वर्गीय शरीरं’ नव्हेत. फर्ममेंट म्हणजे घट्ट, टणक छत. हिब्रूतला मूळ शब्द ‘ठोकून पसरवलेलं’ अशा अर्थाचा. त्याला ‘अंतराळ’ किंवा ‘नभोमंडल’ म्हणता येतं.

आपला ‘स्वर्ग’ येतो ‘स्वर्’पासून, म्हणजे सूर्य, लखलखतं आकाश. स्वर्, सूर्य, लॅटिन ‘सोल’ आणि इंग्रजी सन सगोत्र आहेत. म्हणजे स्वर्गाचं नातं हेवनशी नसून सनशी आहे. कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनेत ‘सर्ग’ म्हणतात, ‘आमच्या बापा, सर्गींच्या’. स्टीफन्स यांनी मात्र १६१६ साली रायतूरला छापलेल्या मराठी ख्रिस्तपुराणात ‘वैकुंठ’ वापरला. ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरायचा, ही केंटमधल्या मिशनऱ्यांचीच रीत होती. जुना मजकूर उद्धृत करताना तो वैकुंठ तसाच ठेवा. आजच्या बातमीत ‘स्वर्ग’ लिहा.

पॅरडाइजचा प्रवास सर्वांत लांबचा. अवेस्तेत ‘पइरिदएझ’ म्हणजे भोवताली भिंत घातलेली जागा. ‘पइरि’ म्हणजे आपलं ‘परि’, आणि ‘दएझ’ म्हणजे मातीची लिंपून उभारलेली भिंत. संस्कृत ‘दिह्’, लिंपणं, हा त्याचा सगोत्र. ग्रीकांनी तो शब्द इराणी राजांच्या उपवनांसाठी घेतला, बायबलच्या ग्रीक भाषांतरात तो एदेन बागेला लागला आणि तिथून स्वर्गाला. फिर्दौस हेही त्याचंच अरबी रूप. ‘दिह्’पासून ‘देह’ झाला, म्हणजे लिंपून घडवलेला. इंग्रजीतला भिजवलेल्या पिठाचा ‘डो’ त्याच मुळाचा. इथे संस्कृतात द आणि इंग्रजीत ड दिसतो, म्हणून वरचा नियम मोडला असं वाटेल. मोडलेला नाही. मुळात तो ध होता. एकाच धातूत दोन महाप्राण (ध, भ, घ यांसारखी ह मिसळलेली व्यंजनं) लागोपाठ आले की संस्कृतात पहिल्याचा प्राण जातो.

आवर लेडीमधली लेडीही याच पिठाची: जुन्या इंग्रजीत ‘पाव मळणारी’. लॉर्ड म्हणजे ‘पाव राखणारा’. मराठीत यातलं काहीच येत नाही. लॉर्डला ‘प्रभू’ म्हणावं, आणि गोव्यात आवर लेडीसाठी ‘सायबीण’ हा शब्द असताना ‘आमची बाई’ किंवा ‘आमच्या महिला’ असलं काही संगणकाच्या भाषांतरातून उचलू नये.

इगर्ज, कपेल, कॅथेड्रल, बॅसिलिका

चर्च हा शब्द ग्रीक ‘किरियाकोन’पासून, म्हणजे प्रभूचं. पोर्तुगीज ‘इग्रेजा’ वेगळ्या ग्रीक शब्दापासून: ‘एक्लेसिया’, बोलावून जमवलेली सभा. कोंकणी इगर्ज आणि हिंदी गिरजाघर दोन्ही या इग्रेजाची लेकरं. इंग्रजी बातमीत ‘द चर्च सेज’ असं असेल तर तिथे इमारत बोलत नाही. मराठीत ‘ख्रिस्तसभा’ लिहा. इमारत असेल तर चर्च किंवा इगर्ज.

कॅथेड्रलमध्ये ‘काथेद्रा’, म्हणजे बसायचं आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. ‘हेद्रा’ आणि संस्कृत ‘सद्’ सगोत्र. सुरुवातीचा स ग्रीकमध्ये ह होतो, जसं सप्त आणि हेप्ता. सदन, संसद, उपनिषद सगळे तिथलेच, आणि इंग्रजी चेअरही ‘काथेद्रा’चाच अवतार. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधला ‘से’ लॅटिन ‘सेदेस’पासून आला आहे, पुन्हा आसन. होली सी मधला ‘सी’ हाच. त्याचा पाहण्याशी किंवा समुद्राशी संबंध नाही. मराठीत ‘पोपचं धर्मपीठ’ म्हटलं की अर्थ चोख बसतो. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरीनच्या सणादिवशी, आल्बुकेर्कने गोवा घेतला, म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचं. कॅथरीन आणि कॅथेड्रल यांचा मात्र शब्द म्हणून काही संबंध नाही.

बॅसिलिका म्हणजे राजाची इमारत. ग्रीक ‘बासिलेउस’, राजा. आज तो पोपने दिलेला मान आहे. बॉं जेझूसचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये तिचा पवित्रीकरण विधी झाला आणि १९४६ मध्ये तिला मायनर बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. ‘मोठं चर्च म्हणजे बॅसिलिका’ ही समजूत खोडून काढायला समोरासमोरच्या या दोन वास्तू पुरेशा आहेत: से कॅथेड्रल आकाराने मोठं असूनही बॅसिलिका नाही, आणि बॅसिलिकेत बिशपचं आसन नाही म्हणून ती कॅथेड्रल नाही.

चॅपल, म्हणजे आपली कपेल, ‘काप्पेल्ला’पासून: लहान झगा. तूरच्या सेंट मार्टिनचा झगा जिथे जपून ठेवला त्या जागेला हे नाव पडलं. रेलिक म्हणजे मागे उरलेलं, लॅटिन ‘रेलिक्वियाए’. मराठी ‘अवशेष’ त्याच्याशी तंतोतंत जुळतो. आपल्या वृत्तपत्रांत झेवियरांच्या दशवार्षिक सोहळ्याला ‘शवप्रदर्शन’ म्हणण्याची सवय आहे. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. ‘पवित्र अवशेषांचं दर्शन’ हे मुळालाही धरून आहे आणि भाविकाला बोचतही नाही.

पणजीच्या चर्चच्या नावातली चूक

पणजीच्या चर्चच्या नावातल्या इमॅक्युलेट कन्सेप्शन याचा अर्थ ‘कुमारी मातेच्या पोटी येशूचा गर्भ’ असा वारंवार छापला जातो. ते चूक आहे. ‘माकुला’ म्हणजे डाग. मरिया स्वतः तिच्या आईच्या उदरात आली तीच आदिपापाच्या डागाविना, हा तो सिद्धान्त, आणि नववे पायस पोप यांनी १८५४ मध्ये तो जाहीर केला. पडताळा सोपा आहे. फेस्त ८ डिसेंबरला, मरियेचा जन्मोत्सव ८ सप्टेंबरला, मधे नऊ महिने. येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्चला आणि नाताळ २५ डिसेंबरला. ‘निष्कलंक गर्भसंभव’ हा रूढ शब्द बरोबर आहे, फक्त तो कुणाचा ते लिहा.

देवळाचं इंग्रजी माहितीपत्रक

इथे उलट दिशेने जायचं असतं. मूर्तीला आयडॉल लिहिताना दोनदा विचार करा. ग्रीक ‘एइदोलोन’ म्हणजे आकृती, छाया, पण इंग्रजीत तो बायबलमधून आला आणि खोट्या देवाची छटा घेऊन आला. ‘मूर्ती’ तसाच रोमन लिपीत लिहा, किंवा इमेज. गर्भगृहाला सँक्टम चालतो. ‘सँक्टम सँक्टोरम’ म्हणजे पवित्रांतलं पवित्र, हे जेरुसलेमच्या मंदिराच्या सर्वांत आतल्या खोलीचं नाव. ते प्रत्येक गावच्या देवळाला लावणं भारदस्त वाटतं, पण नेमकं नाही. जुन्या पोर्तुगीज कागदांत ‘पागोद’ दिसलं तर ते बौद्ध वास्तू समजू नका, ते आपलंच देऊळ. शिवाय त्याच नावाचं नाणंही होतं, तेव्हा संदर्भ पाहा. श्राइनचं मूळ लॅटिन ‘स्क्रिनियुम’, म्हणजे पेटी, म्हणून घरच्या देव्हाऱ्याला आणि रस्त्याकडेच्या घुमटीला तो छान शोभतो. तीर्थाला होली वॉटर लिहिलं तर वाचणाऱ्याला इगर्जीच्या दारातलं पाणी आठवतं. तीर्थ आणि प्रसाद तसेच ठेवून एकदा खुलासा करावा.

राहिलेले काही शब्द

होस्ट तीन आहेत. हेवनली होस्टमधला म्हणजे सेना. पाहुण्यांचा होस्ट म्हणजे यजमान. मिसाच्या वेळी पाद्री उंच धरतो ती बेखमीर गव्हाची पातळ चकती म्हणजे तिसरा, ‘होस्तिया’पासून, बळी या अर्थाचा. तिन्ही स्पेलिंगने एकच, म्हणून आजूबाजूची वाक्यं वाचल्याशिवाय मराठी शब्द टाकू नका.

मास, म्हणजे आपला मिस, ‘मिस्सा’पासून, विधीच्या शेवटी लोकांना निरोप देताना म्हटल्या जाणाऱ्या वाक्यातला हा शब्द. वजनाच्या मासशी संबंध नाही. नाताळ पोर्तुगीज ‘नाताल’पासून, जन्माचा, लॅटिन ‘नातुस’ आणि संस्कृत ‘जात’ सगोत्र. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. झेवियरांच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी ती २४ नोव्हेंबरला सुरू होते. ईस्टरचं नातं उषेशी, म्हणजे ‘उषस्’शी, पोर्तुगीज ‘पास्कोआ’चं मात्र हिब्रू ‘पेसाख’शी. एंजल म्हणजे नुसता निरोप्या, म्हणून ‘देवदूत’ हा शब्द मुळापेक्षाही स्पष्ट झाला आहे. कोंकणीत आंज. ब्लेसचं मूळ जुन्या इंग्रजीत रक्ताशी आहे, रक्त शिंपडून शुद्ध करणं. पण बातमीत ‘आशीर्वाद’च.

साम आणि सामवेदातलं साम यांत गफलत करू नका. इंग्रजी सामच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘पी’ आहे, उच्चारात तो नाही. ग्रीक ‘प्साल्लेइन’ म्हणजे तंतुवाद्याच्या तारा छेडणं. मराठीत ‘स्तोत्र’ लिहा. आमेन आणि ओम् यांचीही अशीच जोडी लावतात. आमेन हिब्रू आहे, पक्कं, खात्रीचं या अर्थाच्या धातूपासून, आणि मराठीतही तो आमेनच राहतो. ‘तथास्तु’ केलात तर इगर्जीत बसलेला माणूस प्रार्थनेच्या शेवटी अडखळेल.